नव्वद सालची बोर्डो

कादंबरीने स्क्रू हलकेच वर ओढला आणि बूच मधोमध तुटलं. हातात आलेला अर्धा तुकडा भुसभुशीत होता. उरलेला तिने सुरीच्या टोकाने काढला, वाईन चहाच्या गाळणीतून काचेच्या जगमध्ये गाळली आणि नाक जवळ नेलं.

टेबलाशी मुरलीधरकाका हात चोळत बसले होते. शेजारी यतिन, मायग्रेशन एजंट. त्याच्यासमोर, मटणाच्या भांड्यापासून जरा लांब, कादंबरीचा फॉर्म होता. ॲडलेडचा वाईनचा कोर्स सोडायचा आणि मेलबर्नमध्ये अकाउंटिंगला यायचं. सही तेवढी राहिली होती. दोन हजार आठ साल होतं, आणि कुठला कोर्स केला की पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, लवकर मिळते याशिवाय मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या कुठल्याही जेवणावळीत दुसरा विषय नव्हता.

"आधी सेलिब्रेशन, मग सही," काका म्हणाले. "नव्वद सालची बोर्डो आहे, यतिन. फ्रेंच क्लायंटने दिलेली. दहा वर्षं सांभाळलीय, तीन घरं बदलली तरी."

सुट्टीला काकांकडे आल्यापासून कादंबरी या बाटलीकडे बघूनच सगळं ऐकून घेत होती. त्याच सालची एक बाटली वर्गात वीस जणांनी वाटून घेतली होती. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट. आधी काळ्या मनुका, मग तासलेल्या पेन्सिलीचा वास, तंबाखू, ओली माती. कोवळेपणी हिरड्या आवळणारा तुरटपणा अठरा वर्षांत मऊ होऊन गेला होता आणि घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ जिभेवर राहिली होती. त्याच संध्याकाळी तिने निफाडला बाबांना फोन केला होता. बारा एकरांची द्राक्षं बाबा दुसऱ्यांच्या वाईनरीत नेऊन घालत. एक दिवस आपली स्वतःची वाईन काढायची, एवढ्यासाठी त्यांनी तिला इथे पाठवलं होतं.

जगमधली वाईन कडेला तेवढी विटकरी दिसायला हवी होती. ती सगळीच तपकिरी होती. करपलेल्या मुरांब्याचा वास येत होता आणि त्यामागून व्हिनेगरचा. तिने एक घोट घेतला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, ही खलास झालीय."

"काय झालीय?"

"उष्णतेने वाट लागलीय हिची. कुठे ठेवली होतीत?"

"कुठे म्हणजे? शोकेसमध्ये. लोकांना दिसायला नको?"

विमलकाकू किचनच्या दारात उभ्या होत्या. "आणि दर उन्हाळ्यात ऊन दाखवायचे मी," त्या म्हणाल्या. "पापड, मसाले, लोणच्याच्या बरण्या, त्यांच्याबरोबर हिलाही. हेच म्हणाले होते, नीट सांभाळ."

दहा उन्हाळे. बॅकयार्डच्या तापलेल्या फरशीवर, मिरच्या आणि हळकुंडांच्या मधोमध, अठरा वर्षांची बोर्डो. कादंबरीला काहीतरी फोडावंसं वाटलं. काकूंवर चिडणंही शक्य नव्हतं, त्यांनी आपल्या परीने जपलीच होती.

काकांनी तोवर ग्लास भरले. यतिनने ग्लास गोल फिरवला, एक घोट घेतला आणि मान डोलावली. "सॉलिड, काका. एकदम स्मूद."

काकांनी मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे पाणावले, पण ते बापजन्मी कबूल करायचे नाहीत. "वा! याला म्हणतात जुना माल."

"काका, हे व्हिनेगर आहे. वास तरी घ्या."

"दोन सेमिस्टर झाल्या नाहीत आणि मला शिकवतेय. वास घेऊन पीआर मिळत नाही, कादंबरी. तुझ्या बाबांना कालच सांगितलंय मी, पोरगी तयार आहे म्हणून."

"मी तयार नाहीये! मला विचारलंत तरी?"

"त्यात विचारायचं काय? नो वरीज, यतिन, करेल ती." काकांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "नाही तर आता हेही सांगतो त्यांना. फ्रान्सची एवढी भारी वाईन लेकीला व्हिनेगर लागते, म्हणावं. हेच शिकली तिथे."

कादंबरीचे कान तापले. ते नक्की सांगतील, आणि थोरल्या काकांपुढे बाबांचा शब्द कधीच चालत नाही हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. आज या टेबलावर तिची जीभ खोटी ठरली, की कोर्सही गेला आणि निफाडची वाईनही. तिने पेन उचललं आणि टेबलावर आपटलं.

काकू हात पुसत आल्या. त्यांनी कादंबरीचा ग्लास उचलून नाकाशी धरला.

"बरोबर बोलतेय ती. आंबलीय."

"तू आयुष्यात कधी वाईन प्यायलीयस?"

"नाही. पण दुसऱ्याच उन्हाळ्यात बूच वर आलं होतं. चिकट ओघळ आला होता बाटलीवर. पुसताना हाच वास आला. मी बूच दाबून बसवलं आणि बाटली परत शोकेसमध्ये ठेवली."

"दुसऱ्या?" काकांचा आवाज उतरला. "मग बोलली का नाहीस?"

"आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचात. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

यतिनने ग्लास खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. काकांनी मात्र आपला ग्लास पुन्हा काठोकाठ भरला आणि दोघींकडे बघत एका दमात रिकामा केला. तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

काकू भिंतीवरच्या फोनपाशी गेल्या. चष्मा लावून कॉलिंग कार्डावरचे आकडे एकेक करून दाबू लागल्या. इंडियाचे फोन नेहमी काका लावत. काकूंच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं यायची, तब्येतपाणी विचारण्यापुरती.

"कुणाला लावतेयस?"

"निफाडला. सकाळचे नऊ वाजले असतील तिकडे."

"विमल, फोन ठेव."

काकूंनी पाठ फिरवली. "भावजी, विमल बोलतेय. काल यांनी सांगितलं ते खरं नाही. कादंबरी तयार नाहीये. आणि तिला वाईनमधलं कळतं, आमच्या घरात कुणाला कळत नाही एवढं कळतं... नाही, त्यांना देत नाही. माझंच ऐका."

कादंबरीने फोनसाठी हात पुढे केला.

"थांब," काकू म्हणाल्या. "माझं अजून झालं नाही."