जाळीतला तरवड

टॅक्सी फाटकाशी उभी होती आणि बाबा जाळीघरात तरवडाची दाढी करत होते.

निदान शेजारी तसंच म्हणत. तरवडाचा पराग नुसत्या वाऱ्याने पडत नाही. भुंगा फुलाला बिलगून गुणगुणला की त्या थरथरीने तो बाहेर सांडतो. बाबांच्या जाळीत भुंग्यांना मज्जाव होता. टेकडीवर खाण सुरू झाली तेव्हा वाचवून आणलेली ही दोन झुडपं; त्यांच्या बियांत नर्सरीतल्या बाकीच्या तरवडाची सरमिसळ बाबांना नको होती. म्हणून भुंग्याचं काम ते दाढीच्या मशीनने करत. पाण्यावाचून तगणारं झाड, पण यंदा शेंग एकही धरली नव्हती आणि बहर सरत आला होता.

"बाबा, अकराची वेळ दिलीय डॉक्टरांनी."

"डॉक्टर रोज बसतात. हे फूल आजच्यापुरतं आहे."

मशीन गुरगुरलं, पिवळी धूळ त्यांच्या नखांवर पडली. मग ते थांबले आणि डावा खांदा चोळू लागले. तिने ते पाहिलं. तिने पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"उशी उंच झाली रात्री," ते म्हणाले.

"खांद्यातून जबड्याकडे दुखतं म्हणजे काय, ते मी वाचलंय."

"तू काय वाचायचं ठेवलंयस? उतू जाणारं दूध तेवढं वाचता येत नाही तुला."

ती हसली नाही. फाटकाबाहेर हॉर्न वाजला. तिने सगळं नीट समजावलं: रक्तवाहिन्या, त्यांचं वय, उशीर झाला तर काय होतं. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा सपाट. बाबांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं.

"उद्या. नक्की. जा, त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस."

फाटकाशी जाताना वाटलं, मागे फिरावं, त्यांचा हात धरून सरळ रडावं. तिने टॅक्सी परत पाठवली.

दुपारी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते खुर्चीतच कलंडले.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आत्या तिला शोधत जाळीघराच्या दारापर्यंत आली. आत नवी फुलं उमलली होती आणि ती त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी उभी होती.

"चल ग, दोन घास खा." आत्याने पदराने तोंड पुसलं, पण राहवलं नाही. "माझा भाऊ जन्माचा हट्टी. पण तुझं ऐकायचा. तू सांगितलं नाहीस त्याला?"

"सगळं सांगितलं, आत्या. एकूणएक."

ती झुडपांकडे वळली.

"एक सोडून," ती म्हणाली. मग मोठ्याने, घरातल्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"बाबा, मला भीती वाटतेय. फुलं राहू द्या. माझ्यासाठी चला."