धोंडाबाईनं गाडीला पाणी पाजलं

माझ्या नवऱ्याला एका जागी बसता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. चहा प्यायचा तर दारात उभं राहून, जेवायचं तर शेवटचा घास उभ्यानं, आणि झोपेतसुद्धा पाय असे झाडतात की वाटावं, निघाले कुठंतरी. लढाईत फटफटीवरून निरोप पोचवायचं काम होतं त्यांचं. पाच वर्षं आफ्रिकेची रेती आणि इटलीचा चिखल तुडवून सेहेचाळीस साली लोणावळ्यात परत आले, तेव्हापासून घराचं छप्पर म्हणे त्यांच्या अंगावर येतं. छप्पर तेच आहे हो! बोटभरसुद्धा खाली आलेलं नाही.

रेल्वेत लागले, सोडलं. मोटारीवर ड्रायव्हर झाले, तेही सोडलं. मग लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी कुठूनशी उचलून आणली आणि तिच्यावर बसून जे डोंगरात जायचे, ते अंगभर ओरखडे घेऊन यायचे. कधी कुरवंड्याच्या कड्यावर, कधी राजमाचीच्या रानात. जिथं बैलगाडी जात नाही तिथं यांना जायचं. आल्यावर तोंड असं उजळलेलं असायचं, की मला त्या गाडीचा मत्सर वाटायचा. म्हणून मीच हट्ट धरला, मलाही शिकवा. वलवणच्या माळावर सकाळी लोक उठायच्या आत त्यांनी मला शिकवली. साडीच्या आत त्यांची खाकी विजार घालायचे. सासूबाईंनी ते पाहिलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तेवढाच आराम.

आणि मग एक दिवस म्हणाले, "बसऱ्याला तेलाच्या कंपनीत काम मिळालंय. सोमवारी बोट."

"किती वर्षांसाठी?"

"बघू."

अस्सा संताप आला! पण घरात भांडायची सोय नव्हती, सासूबाईंचे कान भिंतीला. मी म्हटलं, जायच्या आधी मला एकदा तुमच्या त्या डोंगरात न्या. नाणे मावळातून कुसूरच्या पठारावर चढायचं आणि तिथून कड्याकड्यानं भीमाशंकर गाठायचं, असं त्यांच्या मनात फार दिवस होतं. एकदम खूश झाले. त्यांना वाटलं, बसऱ्याचं मी गिळलं. कसलं गिळतेय! मला त्यांना एकट्याला गाठायचं होतं आणि तोंडावर सांगायचं होतं, की जाऊ नका, नाहीतर मला घेऊन जा.

थंडीचे दिवस होते. भातं कापून खाचरं कोरडी पडली होती, म्हणून यांना वाटेची गरजच नव्हती. हे बांधावरून उतरायचे, खाचरातून जायचे, पुढचा बांध चढायचे. माझी हाडं खिळखिळी झाली. ओढ्यात गोट्यांवरून गाडी घसरली तर हसत होते! मी मागून ओरडले, "अहो, ऐका!" तर म्हणे, "काय? धर घट्ट!" फटफटीवर नवरा-बायकोला बोलता येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. थांबलो की हे साखळीशी काहीतरी करत बसायचे, नाहीतर गुराख्याला पुढची वाट विचारायला पळायचे. मी तोंड उघडलं की गाडी सुरू. मला कळून चुकलं, या माणसाला मी काय बोलणार ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा थांबत नाहीये.

डोंगराच्या पायथ्याला शेवटची वाडी लागली. चार घरं, पुढं नुसतं रान. वर गाडी चढेल का ते बघायला हे पायीच गेले. मी एका ओट्यावर टेकले, तेवढ्यात घरातून म्हातारी आली. धोंडाबाई नाव तिचं.

"आगं बया! हितवर गाडी आली? आजवर कुनाची आली न्हाई. ये पोरी, आत ये, पानी पी."

मला पाणी दिलं, गूळ दिला, चुलीपाशी बसवलं. "मी आलेच" म्हणून कळशी घेऊन बाहेर गेली. मी चुलीपुढं हात शेकत बसले आणि मनात वाक्यं जुळवत राहिले. हे आले की असं म्हणायचं, त्यांनी असं म्हटलं की तसं.

हे आले. "चढते गं, गाडी चढते!" लहान पोराला जत्रेत नेल्यासारखा आनंद. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. घाम फुटेपर्यंत मारली. मग नाक वर करून म्हणाले, "पेट्रोलचा वास कुठनं येतोय?" खाली बघितलं तर माती भिजलेली. टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, आणि म्हणाले,

"पाणी."

"व्हय बाबा," धोंडाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "म्याच पाजलं. पावन्याच्या बैलाला आधी पाजायचं, मंग पावन्याला, आशी आमच्यात रीत हाय. पोर दमली हुती म्हून तिला आधी दिलं, तर मला चुकल्यासारखं झालं. आख्खी कळशी वतली, पार वर येस्तवर."

"मावशी, अहो गाडी पाणी पीत नाही!"

"काय सांगतो? लोनावळ्याला घाट चढून मोटारी येत्यात, त्यास्नी बादली बादली पाजत्यात. ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या."

बघितलंच असणार! खोटं काय आहे त्यात? फक्त ते पाणी इंजिन गार करायला असतं, पेट्रोलच्या टाकीत नव्हे. पाणी तळाला गेलं होतं आणि पेट्रोल वर येऊन जवळजवळ सगळं मातीत. मला हसू फुटलं, असं फुटलं की पोट धरून बसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. धोंडाबाई घाबरली. मी तिला म्हटलं, मावशी, तुमचे उपकार झाले.

कारण गाडी बंद होती. आता ऐकू येत होतं.

हे टाकीची नळी सोडवायला खाली वाकले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बसऱ्याला जाऊ नका."

"काय?"

"ऐकलंत तुम्ही."

पान्हा हातात तसाच. "घरात बसून मी वेडा होईन, अमिना. तुला नाही कळायचं."

"घरात बसा असं कोण म्हणालं? मला न्या बरोबर."

"तिथं बायकांना नेत नाहीत."

"मग जिथं नेतात तिथं जा! जगात काय बसरा एकच गाव आहे?"

पाणी धारेनं बाहेर पडत होतं. ते त्या धारेकडं बघत म्हणाले, "बघू."

पुन्हा बघू! त्यांच्या डोक्यात पान्हा घालावा असं वाटलं मला. मी उठून लांब जाऊन उभी राहिले. धोंडाबाईनं स्वच्छ फडकं दिलं, त्यातून यांनी उरलंसुरलं पेट्रोल गाळलं. तांब्याभरच निघालं.

"एकट्या माणसाला कामशेतपर्यंत जाईल," म्हणाले. "उतारच आहे. तिथं डब्यातून पेट्रोल मिळतं. तू थांब इथं मावशींजवळ. मी गेलो आणि आलो."

लढाईला निघाले तेव्हा लोणावळ्याच्या फलाटावर अक्षर न् अक्षर हेच म्हणाले होते.

"मी जाते," मी म्हटलं.

"वेडी का काय? वलवणचा माळ नाहीये हा."

"मी वजनानं हलकी. पेट्रोल जास्त पुरेल. लावा किक."

"अमिना, इंजिन मधेच बंद पडलं तर तुला किक बसायची नाही."

"मग बंद पाडणार नाही. लावा."

हे धोंडाबाईकडं बघायला लागले, तिनं काही मदत करावी म्हणून. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला. सारखा तूच काय जातुयास?" लावली मुकाट्यानं किक.

घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. बांधावरून उतरताना जीव तोंडाशी आला. वाटेत म्हशी आडव्या आल्या तेव्हा त्यांच्या धन्याला मी अशा शिव्या दिल्या की माझ्या मलाच नवल वाटलं. पण थांबले नाही. आणि ओढा ओलांडून मोकळ्या रानात गाडी सुटली तेव्हा मला कळलं, हा माणूस घरी का बसत नाही ते. कळलं म्हणून राग गेला नाही. वाढला. एवढं सुख एकट्यानं घेत होता!

कामशेतला दुकानदार घरी जेवायला गेलेला. बराच वेळ आला नाही. आला तर बाई फटफटीवर बघून आधी त्याचे हजार प्रश्न. डबा मागं बांधून, एका लॉरीवाल्याकडून किक मारून घेऊन निघाले तोवर ऊन कलतं झालं होतं.

वाडीच्या बरंच अलीकडं हे वाटेवर उभे दिसले. केस विस्कटलेले, विजार काट्यांनी फाटलेली. मी गाडी थांबवायच्या आधीच हे ओरडायला लागले.

"किती वेळ! किती वेळ लावलास! कामशेत काय विलायतेत आहे?"

मागून धोंडाबाई काठी टेकत आली. "पोरी, भाकरीला हात न्हाई लावला ह्यानं. हितं बस, तितं उभा ऱ्हा, टेकाडावर चढून बघ. दोनदा तुझ्या मागं निम्म्या वाटंला जाऊन आला. म्या म्हनलं, बाबा, येतीया ती, बस गप."

"मला वाटलं दरीत गेलीस," हे म्हणाले. "मग वाटलं गाडी पेटली. मग वाटलं कुणी अडवलं. काय काय वाटलं, अमिना. आणि करता काहीच येत नाही. नुसतं बघत बसायचं." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पाच वर्षं हे असं होतं तुझं?"

"असंच," मी म्हटलं. "आणि तुम्ही कामशेतला गेला नव्हता."

हे तिथंच वाटेवर बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? सोमवारी बोट गेली. हे गेले नाहीत.