कागदासाठी की मांसासाठी

"तुमची सगळ्यात लाडकी बुलेट कंपनी कोणती?"

इलाने प्रश्न विचारला आणि मागे मुळीच पाहिलं नाही. कलिंगडाच्या टेबलामागे रुही आणि अनिका एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. नजरानजर झाली असती तर तिला हसू फुटलं असतं, आणि हसलं की पैज गेली. पैज साधीच होती. बाबाच्या ऑफिसच्या पिकनिकला सगळ्यांच्या देखत त्याच्या बॉसला गाठायचं आणि हा प्रश्न विचारायचा. बॉसचं नाव रिक. त्याच्या टोपीवर हरणाची शिंगं, पट्ट्याच्या बक्कलवर हरणाची शिंगं, ट्रकच्या मागच्या काचेवर तर अख्खं हरीणच. रुहीच्या मते तो या प्रश्नाची आयुष्यभर वाट बघत असणार.

गेल्या वर्षीची इला असती तर पैजेचं नाव ऐकूनच टॉयलेटमध्ये जाऊन बसली असती. पण ऑगस्टमध्ये ती शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर रायफल क्लबच्या ओपन डेला गेली, चटईवर पालथी पडली, श्वास धरून तिने दहा गोळ्या झाडल्या आणि त्यातल्या सात काळ्या गोलात लागल्या. कोच म्हणाली, "तुला थांबता येतं. बहुतेकांना येत नाही." घरात जिला सगळे टकळी म्हणत, तिला कुणीतरी असं म्हणालं होतं. तेव्हापासून इला वर्गात हात वर करत होती, बसमध्ये मागच्या सीटवर बसत होती आणि कुणाला काहीही विचारत होती.

रिकने चिमटा ग्रिलच्या कडेला ठेवला. प्रश्न त्याने फार गांभीर्याने घेतला.

"ते कशासाठी हवंय त्यावर आहे. कागदासाठी की मांसासाठी?"

"दोन्ही सांगा."

"कागदावर नेम धरायचा असेल तर ॲशग्रोव्ह. पाच गोळ्या मारल्यास तर भोक एकच पडेल. पण हरणाला ती चालत नाही. हरणासाठी डनमोर. तिचं नाक मऊ असतं, आत गेली की फुलते. जनावर उभ्या जागी खाली बसतं, त्याला कळतही नाही." त्याने टोपी मागे सारली. "मी बायका दोन बदलल्या. डनमोर नाही बदलली."

भोवतालचे हसले. इला हसली नाही. पैज जिंकल्यात जमा होती.

"पण मला काय विचारतेस?" रिक म्हणाला. "तुझ्या बाबाला विचार. मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या लीजवर, शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या रानात, संज ॲशग्रोव्ह घेऊन आला होता. हरणासाठी. म्हणे, इंटरनेटवर तिलाच सगळ्यात जास्त स्टार आहेत."

या वेळी हसणं मोठं झालं. कुणीतरी बाबाच्या पाठीवर थाप मारली. बाबा हातात कागदी प्लेट घेऊन उभा होता. भाजलेल्या कणसाचे चार दाणे सोडवून त्याने प्लेटच्या कडेला ठेवले होते. मागच्या हिवाळ्यापासून त्याने हे नवीनच काढलं होतं. घरी जेवायला बसला की ताटाभोवती पाणी फिरवायचा आणि चार शितं बाजूला ठेवायचा. हे काय, असं इलाने एकदा विचारलं होतं. "आजोबा करायचे. चित्राहुती म्हणतात," एवढंच तो म्हणाला होता. इलाने मैत्रिणींना सांगितलं होतं, बाबाला मिडलाइफ क्रायसिस झालाय, लोक मोटारसायकल घेतात, हा शितं मांडतो.

आता तो सगळ्यांबरोबर हसत होता. ते हसू इलाला माहीत होतं. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा चालू झाला की येणारं.

"या वर्षी पण, संज," रिक म्हणाला. "नोव्हेंबरचा पहिला शनिवार. गोळ्या मी आणतो."

"शुअर, रिक," बाबा म्हणाला. "शुअर."

इलाने आईकडे पाहिलं. आई कलिंगडाची फोड हातात धरून उभी होती आणि तिच्या मनगटावरून रस कोपरापर्यंत ओघळला होता, तरी ती तो पुसत नव्हती.

पार्किंगमध्ये आई एकच वाक्य बोलली.

"किल्ली दे, संजीव."

हायवेवर आई लेन न बदलता गाडी चालवत होती. बाबा शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसला होता. मागे इलाचा फोन सारखा थरथरत होता. रुहीचं "क्वीन" आलं. अनिकाचं "वेट, युअर डॅड हंट्स??" आलं. इलाने फोन पालथा घातला.

तिच्या डोक्यात तीन आठवड्यांपूर्वीची रात्र फिरत होती. क्लबची माहिती तिने प्रिंट करून आणली होती, कोचचा नंबर, फी, मॅचेसच्या तारखा, सगळं. पहिली मॅच जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात. त्यावर आई फक्त, "तेव्हा माझं हळदीकुंकू असतं गं," म्हणाली होती. पण बाबा उठून उभा राहिला होता. "आपल्या घरात बंदूक येणार नाही. विषय संपला." ती रडली, भांडली, तो कागद तिने मुद्दाम फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवला. तेव्हापासून दूध काढताना बाबा त्याच्याकडे न बघता दार उघडायचा.

विषय संपला म्हणे. त्याचा संपला होता. त्याने स्वतःची हौस आधीच उरकून घेतली होती.

घरात शिरल्या शिरल्या ती वळली.

"यू लाइड. बाबा, तू खोटं बोललास."

"इला, आधी चप्पल काढ."

"नाही काढत. मागच्या नोव्हेंबरमध्ये तू लबकला गेला होतास. क्लायंट व्हिजिट. मला तिथून टी-शर्टपण आणला होतास."

"गॅस स्टेशनवरून घेतला होता," बाबा म्हणाला.

हे तो का बोलला कुणास ठाऊक. बहुधा आता निदान एक तरी गोष्ट खरी सांगावी म्हणून. पण इलाच्या अंगाचा भडका उडाला. तो टी-शर्ट घालून ती झोपायची.

"मी कागदाला भोकं पाडणार होते. कागदाला. त्याला तू नाही म्हणालास. आणि स्वतः जाऊन हरणं मारतोस? आपण अंड्याचा केक वेगळ्या डब्यात ठेवतो, बाबा. वेगळ्या डब्यात. कसले ढोंगी आहोत आपण."

"आवाज खाली," आई म्हणाली, पण इलाकडे न बघता. ती बाबाकडे बघत होती. "तू परत आलास तेव्हा पोट बिघडलंय म्हणाला होतास. आठवडाभर मी तुला मऊ भात करून घालत होते. मेतकूट संपलं म्हणून श्रूजबरीहून ताईकडून मागवलं."

"पोट बिघडलंच होतं, सुनेत्रा."

तो सोफ्यावर बसला नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देताना उभा राहतो तसा.

"मी नाही म्हणू शकलो नाही," तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात टीममधून तिघांना काढलं. तिघंही लीजवर कधी न गेलेले. योगायोग असेल. रिक तसा वाईट माणूस नाही. त्याने बोलावलं, मी शुअर म्हणालो. रायफल तो देणार होता, गोळ्या आपापल्या आणायच्या होत्या. मग मी वाचायला बसलो."

इलाला ते डोळ्यांसमोर दिसलं. डिशवॉशर घ्यायच्या वेळी तो सहा आठवडे वाचत बसला होता. प्रेशर कुकरसाठी तीन.

"सगळ्यात अचूक कोणती ते शोधलं. म्हटलं, मारायचंच आहे तर नेम चुकायला नको, त्या प्राण्याला त्रास नको. ॲशग्रोव्हबद्दल सगळ्यांनी चांगलं लिहिलं होतं. पण लिहिणारे सगळे कागदावर मारणारे होते. ते माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि?" इला म्हणाली. आवाज अजून चढाच होता.

"नेम चुकला नाही."

बाबाने खुर्चीच्या पाठीवरचा एक टवका नखाने खरवडला.

"सुईसारखी गेली. या बाजूने शिरली, त्या बाजूने निघाली. फुललीच नाही. मादी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळाली. आम्ही मागे गेलो. थोडा वेळ गवतावर रक्त दिसत होतं, पुढे तेही दिसेना. बाकीचे म्हणाले, होतं असं, चल. मी झुडपात शोधत राहिलो. अंधार पडल्यावर रिकने ट्रकचा हॉर्न वाजवला, तेव्हा परत फिरलो."

"सापडली नाही?" आईने विचारलं.

त्याने मान हलवली.

"म्हणजे ती तिथेच कुठेतरी..." इला बोलता बोलता थांबली. मग तिला थांबल्याचाही राग आला. "मग मला का नाही सांगितलं? मला वाटलं, तुला मी मूर्ख वाटते. मुलगी म्हणून नाही म्हणतोस असं वाटलं. तीन आठवडे मी तुझ्याशी धड बोलले नाहीये."

"तू कागदाजवळ थांबशील याची मला खात्री नव्हती," बाबा म्हणाला. "मी कुठे थांबलो?"

"मी तू नाहीये."

हे तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने बाहेर पडलं. ती धाडधाड जिना चढून वर गेली आणि खोलीचं दार तिने असं आपटलं की बाहेरचं वारली चित्र भिंतीवर तिरकं झालं.

पलंगावर पडून ती छताकडे बघत राहिली. राग कमी होईना. तो फक्त जागा बदलत होता. आधी बाबावर होता. मग रिकवर गेला, पण रिकने तर विचारल्याचं सरळ उत्तर दिलं होतं. मग ग्रिलभोवती हसणाऱ्यांवर गेला. शेवटी तो त्या एका शब्दावर येऊन बसला. शुअर. आज दुपारी, सगळं होऊन गेल्यावरसुद्धा, हातात ती प्लेट धरून बाबा दोनदा शुअर म्हणाला होता. जिने पैजेवर कुणालाही काहीही विचारावं तिच्या बाबाला एका माणसाला नाही म्हणता येत नव्हतं. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

रुहीचा मेसेज आला. "यू वॉन. व्हॉट डू यू वॉन्ट?"

इलाने फोन उशीखाली सरकवला.

खालून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, मग हिंगाच्या फोडणीचा वास. तिला कुणी हाक मारली नाही. तिची ती खाली आली. येताना चित्र सरळ केलं.

तिघं जेवायला बसले. आईने भात वाढला, वर वरण, वर तूप. सगळ्यांना सारखंच वाढलं, पण बाबाच्या पानात तूप घालताना चमचा जरा जोरात आपटला. बाबाने हातात पाणी घेतलं. ताटाभोवती ते गोल फिरलं. मग त्याने भाताची शितं उचलली आणि उजवीकडे टेबलावर एक एक करून मांडली. दर वेळी करायचा तसंच. इलाने आज पहिल्यांदा त्याचे हात पाहिले. शेवटचं शीत ठेवल्यावर बोट जरा वेळ तिथेच राहिलं.

इलाने हातातला घास खाली ठेवला.

"तू जाणार आहेस का या वर्षी?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू नाही. तू शुअर म्हणालास. मी तिथेच होते."

"इला, त्याला नुसतं नको म्हणता येत नाही. काहीतरी कारण लागतं."

"जायचं नाहीये, हे कारण नाही?"

बाबाने भात कालवला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग इलाकडे, आणि पाण्याचा ग्लास उगाचच इकडून तिकडे सरकवला.

इलाने ताट पुढे ढकललं. पाठ ताठ केली. चटईवर पालथं पडून तिने जसा धरला होता तसा श्वास धरला, आणि सोडला.

"मी क्लब जॉइन करतेय," ती म्हणाली. "उद्या कोचला फोन करणार. फक्त कागद. हरीण नाही, ससा नाही, काही नाही. रायफल तिथल्याच लॉकरमध्ये राहील, घरी येणार नाही. गोळ्या कुठल्या घ्यायच्या ते मी ठरवणार, तू एकही रिव्ह्यू वाचायचा नाहीस."

बाबाने तोंड उघडलं.

"माझं संपलं नाहीये. पहिली मॅच नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे. ॲबिलीनला. शुक्रवारीच निघावं लागेल. आईला तेवढं ड्राइव्ह होत नाही, म्हणून तू मला घेऊन जाणार. रिकला उद्याच सांगून टाक, मुलीची मॅच आहे."

बाबाचा हात भातावर तसाच राहिला. त्याची नजर हळूच फ्रीजच्या दाराकडे गेली, चुंबकाखालच्या त्या कागदाकडे, त्यावरच्या जानेवारीच्या तारखेकडे. मग इलाकडे आली. तिने ती चुकवली नाही. तिचे कान लाल झाले होते आणि हनुवटी अजून भांडणातलीच होती.

आई उठली. फ्रीजजवळ गेली आणि तिने दार उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत, कागद दिसेनासा होईपर्यंत. ती आत वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"ठरलंय माझं," इला म्हणाली. "आई, दही समोरच आहे."