साहेबाचा शिपाई

“काका, तुम्ही शिपाई आहात, कलेक्टर नाही!” सहायक दिग्दर्शक हिमांशू तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा कडुबाने पाठीमागे बांधलेले हात घाईघाईने सोडले.

फुलंब्रीजवळच्या एका शाळेत शूटिंग चाललं होतं. निवृत्त होणाऱ्या शिपायाने मुख्याध्यापिकेच्या हाती शाळेची घंटा द्यायची आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम. कडुबा स्वतः एका कॉलेजात छत्तीस वर्षं शिपाई होता. पण कॅमेरा सुरू झाला की त्याचा कणा आपोआप ताठ व्हायचा, हनुवटी वर जायची, आणि मराठीसुद्धा तोंडातून विलायती होऊन बाहेर पडायची. सव्वीस वर्षं पडद्यावर इंग्रज साहेब केल्यावर दुसरं काय होणार?

लग्नानंतर चौथ्या वर्षी त्याला कोड आलं आणि बघता बघता सगळं अंग पांढरं झालं. कॉलेजातले प्राध्यापक त्याच्या हातचं पाणी घेईनासे झाले. शिपायाच्या हातचं पाणी कुणी घेत नाही म्हटल्यावर त्याने दिवसभर करायचं काय! अशातच एकदा सुट्टीच्या दिवशी दौलताबादच्या किल्ल्याखाली कुणी हिंदी मालिकेवाले अडकून बसले होते. गव्हर्नर करायला आणलेल्या गोऱ्या पर्यटकाचं पोट बिघडलं होतं. त्यांना उसाचा रस पीत उभा असलेला कडुबा दिसला. त्याला कोट चढवला, हॅट घातली, आणि ज्या रंगापायी लोक लांब सरकत होते त्याच रंगाला लोक सलाम ठोकू लागले.

तेव्हापासून कलेक्टर, कर्नल, न्यायाधीश, एकदा तर व्हाइसरॉयसुद्धा. मराठवाड्यात कुठेही इंग्रज लागला की बोलावणं कडुबालाच. मात्र बोलायचा दुसराच कुणीतरी, मुंबईच्या स्टुडिओत बसून. कडुबा नुसते ओठ हलवायचा. आयुष्यात एकदा तरी आपल्या आवाजात, आपल्या माणसासारखं बोलावं, एवढीच हाव त्याला राहिली होती. आज ते काम आलं होतं. मेकअपवाल्या गोकुळने तोंड, मान आणि मनगटापर्यंतचे हात सावळे केले होते. आणि आज हा असा अडला होता.

“जमत नसेल तर दुसरा माणूस बघू,” दिग्दर्शिका मनस्विनी हिमांशूला हळूच म्हणाली. कडुबाने ते ऐकलं.

“मॅडम, पाचच मिनिटं द्या,” म्हणून तो व्हरांड्याच्या कडेला गेला आणि बायकोला फोन लावला.

“पारू, जरा रागाव बरं माझ्यावर.”

“आं? येड लागलं का तुम्हाला?”

“रागाव गं. टाइम नाय.”

पारूबाईला कारण लागत होतं थोडंच! “रागावू नाय तर काय करू? दळण गिरणीत पडून दोन दिस झाले. कोण आणायचं? तुमचा गव्हर्नर येतोय व्हय आणायला? अन् सकाळी बीपीची गोळी न घेता पळाले. लई मोठे ॲक्टर झाले!”

“व्हय. व्हय, चुकलं,” कडुबा म्हणत राहिला. खांदे उतरले, मान खाली आली. तसाच तो जाऊन घंटेपाशी उभा राहिला आणि कॅमेरा सुरू झाल्यावर ती मुख्याध्यापिकेच्या हाती देत म्हणाला,

“बाई, जरा हळू वाजवा हिला. लई जुनी हाय, तडा गेलाय.”

“ओके,” मनस्विनी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “काका, आवाज छान आहे तुमचा.”

असं त्याला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. गोकुळ रंग पुसायला आला, तर कडुबाने हात जोडले. “राहू दे बाबा. घरी दाखवतो.”

संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या घराचं दार पारूबाईने उघडलं आणि तिचा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडे गेला. नव्या नवरीसारखा तिने तो पुढे ओढला. चहा झाला, तरी ती बघतच राहिली.

“कसा दिसतो?”

“लग्नात दिसत होते तसे.” ती उठली आणि तिने पाणी तापत ठेवलं. “चला, धुऊन घ्या.”

“का गं? नाय आवडला?”

“आवडला की.” तिने त्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि पांढऱ्या हातावर आपला हात ठेवला. “पर त्या माणसासंगं मी चारच वर्षं राहिले. संसार ह्याच्यासंगं केला.”

कडुबा मोरीत जाऊन बसला. ती तांब्याने पाणी ओतत राहिली. कानामागचं तेवढं राहिलं होतं, ते तिने पदराने पुसलं. पदराला लागलेला रंग मात्र तिने धुतला नाही.