खडीवरची चार अंडी

आमच्या परसातली ती गोल जागा माझ्या नवऱ्यानं, रॉइसनं, मे महिन्यातल्या सुट्ट्या खर्ची घालून तयार केली होती. गवत काढलं, जमीन वीतभर खाली खणून सपाट केली, वर बारीक खडी पसरली. तिथं भाग जोडून जमिनीवर उभा करायचा पोहण्याचा हौद बसायचा होता. त्याची खोकी गॅरेजमध्ये येऊन पडली होती आणि आमच्या दोघी मुली, दहा वर्षांची लॉटी आणि सहा वर्षांची ब्री, रोज जाऊन त्या खोक्यांवर बसून येत.

हौद नावाला मुलींसाठी होता, खरा सासूबाईंसाठी. व्हेस्टा त्यांचं नाव. सगळा जन्म शेतावर गेला, मग शेत विकून त्या आयोवातल्याच आमच्या या लहानशा गावात आमच्याकडे राहायला आल्या. दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यात चाला, दुसरं औषध नाही. गावात तरणतलाव होता, पण त्या जायला तयार नव्हत्या. या वयात गावाला गुडघे दाखवायची हौस नाही, म्हणायच्या.

हौद बसवायचा त्याच आठवड्यात लॉटी धावत आत आली. परसात एक पक्षी पंख मोडून पडलाय म्हणाली. मी बाहेर गेले तर खरंच, छातीवर दोन काळे पट्टे असलेला, टिटवीच्या जातीचा पक्षी एक पंख जमिनीवर फरफटवत, केविलवाणा ओरडत चालला होता. ब्री टॉवेल घेऊन त्याच्या मागे. ती दोन पावलं गेली की तो चार पावलं पुढे. असं करत तिला पार कुंपणापर्यंत नेलं आणि मग दोन्ही पंख पसरून आरामात उडून गेला.

व्हरांड्यातल्या खुर्चीवर सासूबाई पोट धरून हसत होत्या.

"नाटकी आहे ती बया," त्या म्हणाल्या. "तिच्या मागे काय जाता? तिनं कुठून पळवलं तुम्हाला, ते बघा."

आम्ही मागे फिरलो. खडीच्या अगदी मधोमध चार अंडी होती. खडीसारखीच करडी, काळ्या ठिपक्यांची. घरटं म्हणायला काडी नाही की पीस नाही, नुसता एक खळगा. लॉटीनं बोट दाखवलं तरी मला दिसायला वेळ लागला.

संध्याकाळी रॉइस कामावरून आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"एवढं परस पडलंय, पलीकडे शेत पडलंय, आणि हिला माझीच खडी सापडली!"

"तूच पसरलीस ना?" सासूबाई म्हणाल्या. "तिला वाटलं, किती चांगला माणूस आहे."

अंडी उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हती. एक तर कायदा आड येतो, आणि जागा बदलली की पक्षीण ती सोडून देते. म्हणजे पिल्लं बाहेर येईपर्यंत हौद नाही. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. ब्रीचे ओठ थरथरायला लागले. मग लॉटीनंच हळूच विचारलं, "पण आजी, तुझ्या गुडघ्यांचं काय?"

सासूबाई खडीकडे बघत म्हणाल्या, "तुमचे आजोबा पेरणी करताना असं घरटं दिसलं की यंत्र उचलून घ्यायचे. शेताच्या मधे तेवढा तुकडा तसाच राहायचा. मी म्हणायची, येडा आहे हा माणूस, अशानं खाणार काय आपण?" मग त्या म्हणाल्या, "बसू दे तिला. हे गुडघे इतकी वर्षं कुरकुरलेत, अजून थोडं कुरकुरतील."

जून नको इतका तापला. हौदाऐवजी मुलींना गवतावर फिरणारं पाण्याचं कारंजं मिळालं, आणि सासूबाईंना पाय बुडवायला एक घमेलं. दुपारी कलिंगड कापायचं आणि बिया कुणाच्या लांब जातात ते बघायचं, हा खेळ सुरू झाला. त्यात सासूबाईंनी सगळ्यांना हरवलं. रॉइस म्हणाला की आईचा दम सगळा जिभेत आहे, तर त्याच्या पाठीत एक बी येऊन बसली. जेवणं परसातच व्हायला लागली. काजवे निघाले की मुली त्यांच्या मागे अनवाणी पळत आणि आम्ही तिघं खुर्च्यांवर बसून राहत असू. असं बसणं आम्हाला कधी जमलं नव्हतं. एरवी सासूबाई जेवण झालं की आपल्या खोलीत जायच्या.

आणि सगळ्यांचा डोळा खडीवर. मुलींनी पक्षिणीचं नाव खडीबाई ठेवलं होतं. ऊन डोक्यावर आलं की खडीबाई अंड्यांवर बसायची नाही, वर उभी राहून पंख पसरून सावली करायची, चोच उघडी टाकून धापा टाकत. मग नर यायचा, ती उठायची, तो तिची जागा घ्यायचा. सासूबाई रॉइसला म्हणाल्या, "बघून ठेव. न सांगता पाळीवर येतो."

जून संपता संपता एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ हिरवंकाळं होऊन आलं. रॉइस कामावर होता. पाऊस असा कोसळला की कुंपण दिसेना. मी खिडकीतून बघितलं. ती गोल जागा बाजूच्या गवतापेक्षा खोल होती. तिच्या कडेनं पाणी साचत होतं आणि मधे सरकत होतं. खडीबाई तशीच बसून होती.

मी फावडं घेऊन धावले. मुली मागून. कुठून फोडावं ते कळेना, तोवर सासूबाई एका हातात लांब दांड्याचं खुरपं आणि दुसऱ्या हातात बागेतली घडीची खुर्ची घेऊन पावसात उतरल्या. मी ओरडले, "आई, तुम्ही आत जा, घसराल!"

"घसरायला उभी कुठे राहतेय मी?" त्या म्हणाल्या. खालच्या अंगाला, शेताच्या बाजूला, खुर्ची मांडून त्या तिच्यावर बसल्या आणि बसल्या बसल्याच गवताची कड खुरप्यानं तोडायला लागल्या. मी फावड्यानं माती ओढत होते, मुली हातांनी चिखल उपसत होत्या. खडीबाई उठली, पंख मोडल्याचं सोंग करत भर पावसात आमच्यापुढे लोळली. कुणी मागे येत नाही म्हटल्यावर सरळ सासूबाईंच्या पायाशी येऊन पिसं फुलवून ओरडायला लागली.

"अगं, तुझंच काम करतेय," सासूबाई तिला म्हणाल्या. "रागव नंतर."

कड फुटली. पाणी गढूळ ओढ्यासारखं शेताकडे धावलं. अंड्यांखालची खडी ओली झाली होती, पण अंडी बुडाली नव्हती. आम्ही व्हरांड्यात आलो तशी खडीबाई परत येऊन बसली. सासूबाईंच्या पायांत गोळे आले होते. मी चोळत बसले. आम्ही दोघी चिखलानं माखलेल्या, आणि त्या मला म्हणाल्या, "कोरीन, तू फावडं उलटं धरतेस. पण हात चालतो तुझा." लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझं असं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं.

अंडी गार पडली असतील, आता काही निघणार नाही, असं रॉइसला वाटत होतं. त्यानं मुलींना तसं सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात सकाळी ब्रीनं सगळ्यांना हाका मारून उठवलं. तीन पिल्लं निघाली होती. काड्यांवर कापसाचे गोळे ठेवावेत तशी. चौथं अंडं तसंच राहिलं. पिसं वाळेपर्यंत पिल्लं आईखाली दडली, आणि दुपारी उठून चालायलाच लागली. खडीबाई पुढे, पिल्लं मागे, कुंपणाखालून सोयाबीनच्या शेतात. मुलींना वाटलं होतं, काही दिवस तरी राहतील.

"एवढ्यात?" लॉटी रडवेली झाली. "आपण इतकं केलं."

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. "चालता येतंय म्हणून चालली. बसून राहिली असती तर आपलं चुकलं असतं."

हौद जुलैच्या मध्यावर उभा राहिला. खडी नव्यानं सपाट करताना रॉइसनं कुरकुर केली नाही. सासूबाई पहिल्या दिवशी आंघोळीचा जुना झगा गळ्यापर्यंत ओढून आल्या, शेजारी कुणी नाही ना बघून शिडी उतरल्या, आणि मग निघायचं नाव घेईनात. ऑगस्टमध्ये त्या व्हरांड्याच्या पायऱ्या कठडा न धरता उतरायला लागल्या.

ब्री मात्र पाण्याला भ्यायची. हौदाची एवढी वाट बघितलेली पोर शिडीला मिठी मारून राही. एका दुपारी सासूबाईंनी तिला पाठीवर निजवलं, खाली आपला तळहात धरला आणि ढगाकडे बघायला सांगितलं. मी टॉवेल वाळत घालत होते. बऱ्याच वेळानं बघते तर सासूबाईंचे दोन्ही हात पाण्याबाहेर, हौदाच्या काठावर, आणि ब्री डोळे उघडे ठेवून मधोमध तरंगतेय.

"आजी, हात काढू नकोस हं," ब्री म्हणाली.

"नाही काढत," सासूबाई म्हणाल्या, आणि मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.