माझ्या छातीवरच्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. काळा, पाठीला किंचित बाक आलेला आणि स्वभावाने संशयी. पहिले दोन दोष वयाचे आहेत, तिसरा धंद्याचा. तुम्ही हे वाचत आहात म्हटल्यावर मला पहिली शंका हीच येते की, तुम्हाला कोणीतरी वाचायला बसवले असावे. असो. बसलाच आहात तर ऐका.

एका पाट्या रंगवणाऱ्याने मला तासून गुळगुळीत केले, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि पांढऱ्या रंगात दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'आम्ही घेतो', दुसऱ्यावर 'आम्ही देतो'. मग मला बंदराजवळच्या एका दुकानात टांगण्यात आले. तिथे पैसे विकत मिळत. हसू नका. प्रत्येक देशाचा पैसा वेगळा असतो, आणि एका देशाचा पैसा दुसऱ्या देशातल्या पाववाल्याला दाखवला तर तो पाव परत आत ठेवतो. म्हणून बोटीतून उतरलेले लोक आधी आमच्याकडे येत. कोणाजवळ येन, कोणाजवळ पौंड, कोणाजवळ पेसो. ते सगळे देऊन इथला पैसा घ्यायचा. किती द्यायचा आणि किती घ्यायचा, तो आकडा म्हणजे दर. तो माझ्या छातीवर लिहिलेला असे.

दुकानाचे मालक नोट हातात आली की आधी चुरगाळून तिचा आवाज ऐकत, मग उजेडात धरत, मग नोट देणाऱ्याकडे असे पाहत की खरी नोट देणारासुद्धा घाम पुसू लागे. एकदा एक प्रवासी चिडला होता.

"सकाळी हेच पौंड तुम्ही मला दिलेत. आता परत करतोय, तर कमी पैसे?"

"सकाळी मी देत होतो. आता घेतोय," मालक म्हणाले.

"पण पौंड तेच आहेत ना?"

"पौंड तेच आहेत. आपण जागा बदलल्या."

दोन रकान्यांमधल्या त्या फरकावर मालकांचे घर चालत होते. प्रवाशाला वाटे आपण लुटले गेलो, मालकांना वाटे हा काहीतरी लपवतो आहे, आणि मी दोघांवरही नजर ठेवून असे. सगळ्यात जास्त नजर मी ठेवी ती माझ्यासमोर फार वेळ उभे राहणाऱ्यांवर. सरळ माणूस दर वाचतो आणि खिडकीशी जातो. जो ओठ हलवत उभा राहतो, त्याच्या मनात काहीतरी शिजत असते, असे माझे ठाम मत होते.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळली नाही. रोज सकाळी दर लिहून झाले की मालक रस्ता ओलांडून पलीकडच्या पायरीवर जात आणि तिथून माझ्याकडे डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहत. मग परत वरून खाली. इतकी वर्षे चाकरी करूनही हा माणूस माझ्यावरही संशय घेतो, याचे मला वाईट वाटे. माझ्यावर काय लिहिले आहे ते मला थोडेच दिसते? फळ्याचे तोंड पुढे असते. दर चढला की उतरला, हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच समजायचे.

पुढे दुकानात लाल आकड्यांची विजेची पाटी आली. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे लोक मला ओल्या छत्र्या टेकवून ठेवत. माझा एक कोपरा तेव्हा फुगला, तो अजून तसाच आहे. एके दिवशी मालकांची पुतणी आली. ती शाळेत शिक्षिका होती.

"काका, हा फळा मला द्या."

"काय करणार?"

"चौथीच्या मुलांना परदेशी चलन शिकवणार. एका देशाचा पैसा महाग का होतो, दुसऱ्याचा स्वस्त का होतो."

"शिकव," काका म्हणाले. "मग मलाही येऊन सांग."

अशा रीतीने मी शाळेत आलो. पुतणीला मुले 'बाई' म्हणत. बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसले, तेव्हा छत्र्यांचे डाग गेले आणि क्षणभर माझा मनुष्यजातीवर विश्वास बसला. तो फार टिकला नाही.

बाईंनी वर्गाचे तीन देश केले. दाराकडची रांग, मधली रांग आणि खिडकीकडची रांग. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून प्रत्येक देशाला पैसा दिला आणि खोटा पैसा ओळखता यावा म्हणून प्रत्येक तुकड्यावर स्वतःचा गोल शिक्का मारला. दाराकडच्यांनी आपल्या पैशाचे नाव ठेवले दाणा, मधल्यांनी चकती, खिडकीकडच्यांनी पीस. प्रत्येक देशाचा माल वेगळा. दाराकडचे पेन्सिलींना टोक करून देत, मधले चित्र काढून देत, आणि खिडकीकडच्यांना काहीच येत नव्हते, म्हणून ते खिडकीजवळची जागा तासापुरती भाड्याने देत. माल घ्यायचा तर त्याच देशाच्या पैशात. तो पैसा बाईंच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यातून, शेवटच्या तासाला रांगेत उभे राहून बदलून घ्यायचा. एका वेळी एकच बदल, पुन्हा हवा तर पुन्हा रांगेत.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या. "एक चकती म्हणजे दोन दाणे. एक पीस म्हणजे दोन चकत्या. एक पीस म्हणजे चार दाणे." मुलांनी दर उतरवून घेतले आणि नंतर माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

एक मुलगी सोडून. तिला सगळे खारूताई म्हणत, कारण तिच्या खिशात कायम काहीतरी साठवलेले असे. तिची जागा दाराकडच्या रांगेत अगदी मागे, खांबाआड होती. तिथून मी दिसत नसे. म्हणून ती रोज उठून माझ्यापुढे यायची आणि उभी राहायची. फार वेळ. ओठ हलवत. मी सावध झालो.

आठवडा गेला आणि खिडकीकडच्या देशाची चंगळ झाली. उन्हात बसून बाहेर बघत धडा ऐकायला सगळ्यांनाच हवे होते, त्यामुळे सगळ्यांना पिसे हवी झाली. बाई खूश झाल्या. "बघा, ज्या देशाचा माल जास्त जणांना हवा, त्याचा पैसाही जास्त जणांना हवा. म्हणून पीस आता महाग होणार." त्यांनी माझ्या सगळ्यात खालच्या ओळीतला एक आकडा पुसला, नवा लिहिला. तेवढ्यात घंटा झाली. खडू जागेवर गेला, बाई वर्गाबाहेर गेल्या.

त्यानंतर काही दिवसांतच डब्यातले दाणे संपले. बाईंनी डबा उलटा केला, टेबलाखाली पाहिले. वर्गात कुजबुज सुरू झाली.

"खारूताईच्या खिशात बघा. खुळखुळतोय."

"पुठ्ठा खुळखुळतो होय रे?"

"भरपूर असला की खुळखुळतो."

खारूताईने न मागता खिसे टेबलावर रिकामे केले. दाण्यांचा ढीग पडला. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे मिळून नसतील इतके. बाईंनी एकेक तुकडा उजेडात धरला, अगदी काकांसारखा. शिक्के खरे होते. म्हणजे दाणे बनवलेले नव्हते. म्हणजे डब्यातून घेतलेले होते. मी मनात म्हटले, पाहा, मी सांगत नव्हतो?

तोवर मुख्याध्यापिका आल्या. त्यांना मुले 'मोठ्या बाई' म्हणत, आणि मोठेपणा दाखवायची संधी त्या सहसा सोडत नसत. त्यांनी मावशींना बोलावणे धाडले. मावशी म्हणजे शाळा झाडणाऱ्या, वर्ग उघडणाऱ्या, आणि खारूताईची आई. त्या हातातला झाडू दाराबाहेर टेकवून आत आल्या.

"मावशी, सकाळी हा वर्ग कोण उघडतं?" मोठ्या बाईंनी विचारले.

"मीच उघडते."

"आणि तेव्हा मुलगी तुमच्याबरोबर असते."

"असते. तिला एकटीला घरी कुठे ठेवू?" मावशींनी टेबलावरच्या ढिगाकडे पाहिले, मग मोठ्या बाईंकडे. "पुठ्ठ्याची चोरी झालीय का?"

"पुठ्ठ्याची असो नाहीतर सोन्याची, सवय तीच. किल्ली टेबलावर ठेवा. कामाचं पुढे काय करायचं ते मी उद्या सांगते."

मावशींनी कमरेची किल्ली काढली. टेबलावर ठेवताना तिचा आवाज झाला नाही, इतकी ती हळू ठेवली. ज्या शाळेत किल्ली नाही त्या शाळेत झाडूही नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि खारूताईलाही.

"आई, थांब तू," खारूताई म्हणाली. "बाई, मी काही घेतलं नाही. मी फक्त फिरले."

"कुठे फिरलीस?"

"रांगेत."

"म्हणजे काय गं?"

"दाखवू? माझ्या ढिगातले चारच दाणे घेते. बाकीचे डब्यात टाका, म्हणजे तुम्हाला मोजून देता येईल."

बाईंनी ढीग डब्यात ओतला. खारूताईने चार दाणे पुढे केले आणि चकत्या मागितल्या. बाईंनी दोन चकत्या दिल्या. ती टेबलाला वळसा घालून परत आली, दोन चकत्या दिल्या, पीस मागितले. बाईंनी एक पीस दिले. तिने आणखी एक वळसा घातला, पीस ठेवले आणि म्हणाली, "आता दाणे."

बाईंनी माझ्याकडे पाहून दाणे मोजले. एक, दोन, तीन, चार. आणि हात पाचव्या दाण्यावर थांबला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे शक्य नाही. सरका." त्यांनी स्वतः चार दाणे घेतले, टेबलाभोवती फिरल्या, पाच घेऊन आल्या. मग पुन्हा फिरल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "मोठ्या बाई, डबा परत रिकामा होईल."

"मी खात्री करत होते," मोठ्या बाई म्हणाल्या आणि नाइलाजाने दाणे खाली ठेवले.

मग बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्या दिवसानंतर प्रथमच कोणीतरी मला मोठ्याने वाचले. "एक चकती म्हणजे दोन दाणे. एक पीस म्हणजे दोन चकत्या." इथवर ठीक होते. "एक पीस म्हणजे... पाच दाणे." बाईंनी कपाळाला हात लावला. "मी दाण्यात पीस महाग केलं आणि चकतीत तसंच ठेवलं. म्हणजे चकत्या देऊन पीस स्वस्तात घ्यायचं आणि दाण्यांत महाग विकायचं."

मित्रांनो, आयुष्यभर मी येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारले. घोळ माझ्याच छातीवर लिहिलेला होता. आणि तो पाहिला फक्त एका मुलीने, कारण तिला मी जागेवरून दिसत नव्हतो.

"तुला हे कळलं होतं, तर सांगितलं का नाहीस?" बाईंनी विचारले.

"मला वाटलं, दर असाच असतो." खारूताई खांबाकडे पाहू लागली. "मला वर्षभरासाठी पुढची जागा घ्यायची होती. खिडकीजवळची. तिथून फळा दिसतो."

बाईंनी खडू उचलला. "खऱ्या बाजारातही असं होतं," मग त्या वर्गाला म्हणाल्या. "दर जुळत नाहीत, आणि ज्याने आधी वाचलं त्याचा फायदा होतो. ती चोरी नसते. तिने माझा नियम मोडला नाही, मीच आकडा चुकवला. आता सांगा, दुसऱ्या ओळीत काय हवं?"

"अडीच चकत्या," मागून उत्तर आले.

"अर्धी चकती देणार कशी?"

"कात्रीने."

मोठ्या बाईंनी किल्ली उचलून मावशींपुढे धरली. चुकले असे काही त्या म्हणाल्या नाहीत. मोठ्या बाईंचा तो शब्द कुठेतरी ठेवला गेला असावा. "मावशी, बसा जरा," एवढे म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची सरकवली.

"नंतर बसते. दोन वर्ग झाडायचे राहिलेत," मावशी म्हणाल्या, किल्ली कमरेला लावली, आणि लेकीला म्हणाल्या, "आणि तू, खिसे शिवून टाकीन तुझे."

खारूताई आता खिडकीजवळ बसते. जागा तिने, बाईंनी परत दिलेल्या आपल्या दाण्यांची पिसे करून, नव्या दराने, रीतसर घेतली. तिथून मी तिला स्पष्ट दिसतो, त्यामुळे उठून यायची तिला गरज उरली नाही. मला थोडी काळजी वाटली होती की, आता मला वाचणार कोण.

पण रोज सकाळी, शाळा भरण्याआधी, मावशी वर्ग उघडतात. ओले फडके पिळून माझी चौकट पुसतात, फुगलेल्या कोपऱ्यावर जरा हळू हात फिरवतात. मग मागे मागे जात पार दारात उभ्या राहतात, डोळे बारीक करतात आणि वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचतात. मग परत वरून खाली. अगदी जुन्या मालकांसारख्या. आता मला त्याचे वाईट वाटत नाही. माझी इतकी काळजी यापूर्वी फक्त त्या एका माणसाने घेतली होती, आणि मी तिला अपमान समजत होतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला ओल्या छत्र्या टेकवू नका आणि कोरड्या हाताने खरवडू नका. आणि डबा कधी रिकामा निघाला तर कोणाच्या खिशाकडे बोट दाखवण्याआधी दारापर्यंत मागे जा आणि फळा वाचा. खालची ओळ वाचा, आणि तिच्या वरच्या दोन्हीसुद्धा.