पूर्ण ऐकायचं नाही

मनस्वीनं टेम्पोचा हॉर्न दाबला आणि ओट्याखालच्या कोंबड्या फडफडत पळाल्या.

"अगो बाय, मला पुरतं वाचू तरी दे!" हरेशनं हातातला प्रश्नांचा कागद स्टिअरिंगवर आपटला. आधीच त्याला वाचायला वेळ लागायचा. अक्षराला अक्षर जोडत तो 'या कादंबरीतील' इथवर पोचायचा, की पोरगी हॉर्न मारून पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगून मोकळी.

"मनिषा मॅडम बोलल्यात, पूर्ण ऐकायचं नाही. ओळखलं की बझर दाबायचा. मग वाचणारा तिथंच थांबतो आणि दुसऱ्या टीमला पुढचं ऐकूच जात नाही."

"ते झालं. पन पुस्तकान हाय काय?"

"ते विचारत नाहीत, पप्पा."

"हॉर्न बंद करा!" मनस्वीची आई रंजिता घरातून ओरडली. "नायतर दोघं जेवा टेम्पोनच!"

पनवेलला शाळांची प्रश्नमंजूषा होती आणि मनस्वीची शाळा पहिल्यांदाच फायनलला गेली होती. टीममधल्या एकानं विज्ञान धरलं, दुसऱ्यानं खेळ. साहित्य कुणालाच नको होतं, ते मनस्वीच्या गळ्यात पडलं. तिनं मग नावांची रांगच पाठ करून टाकली. जेवताना, आंघोळीला जाताना, नुसती नावं.

हरेशनं तर कहरच केला. फायनलच्या आधीच फ्लेक्स छापून आणला. मधे मनस्वी, बाजूला काळा चष्मा लावलेला तो स्वतः, खाली शुभेच्छुक म्हणून निम्मं उलवे गाव.

"आणि हरलो तर?" मनस्वीनं विचारलं.

"छापणारा बोलला, आजच घे, उद्याला सगले वाढदिवस हायत."

फायनलच्या दिवशी फ्लेक्स गुंडाळून टेम्पोच्या सीटमागं ठेवला होता. संध्याकाळी नाक्यावर पोरं शिडी घेऊन थांबणार होती.

शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही टीम बरोबरीत होत्या. विषय साहित्य. हरेश खुर्चीच्या टोकावर आला. प्रश्न विचारणारे दिनानाथ सर जाड भिंगाचे, बारीक आवाजाचे. त्यांनी पुस्तकच उघडलं.

"उतारा वाचतो. कादंबरी ओळखा. 'बांध फुटला तेव्हा सारं गाव घमेली घेऊन खाडीकडं धावलं. एकटी काशी तेवढी घरात बसून राहिली...'"

मनस्वीचे ओठ हलले. हरेशनं पाहिलं, पोरीला नाव आलं होतं. बोट बझरवर होतं. त्याचा स्वतःचा अंगठा खुर्चीच्या दांडीवर दाबला गेला.

बझर वाजला नाही.

"'पाणी अंगणात आलं. तिनं दिवा उचलून फळीवर ठेवला. दार आतून लावून घेतलं. मग चूल फुंकली आणि दोन माणसांचा भात टाकला.'" सरांनी पुस्तक मिटलं.

मनस्वी तोंड किंचित उघडं टाकून सरांकडं बघत राहिली. पलीकडच्या टीमनं बझर मारला, नाव सांगितलं. टाळ्या पडल्या.

"येत नव्हतं?" मनिषा मॅडमनी दात आवळून विचारलं.

"येत होतं, मॅडम."

"मग हात काय झोपला होता?"

मनस्वीनं बझरवरचं बोट आता काढलं.

टेम्पोत बसल्यापासून हरेशचं तोंड सुटलं ते थांबेना. "कोंबड्यांनी अंडी घालाची सोडली तुज्या हॉर्नपायी! आनि आज बोट लावून बसलीस? ती पोरं शिडी घेऊन उभी हायत. काय सांगू त्यांना? माजा चष्मेवाला फोटो कुठं लावू, बाथरूमान?"

मनस्वी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर विमानतळाच्या भरावाची माती पार रस्त्यावर आली होती.

सिग्नलला हरेशनं ब्रेक मारला. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना.

"बांध फुटल्यावर कोन घरान बसतं गो?" तो एकदम म्हणाला. "आमच्या टायमाला बांध फुटला का बाळंतीण सोरून सगली जायची. हिला गावान ठेवतील?"

मनस्वीनं मान वळवली.

"आनि दोन मान्सांचा भात? घरान ती एकटी ना?"

"तेच तर, पप्पा."

"मंग कोन आला?"

"काय माहीत."

"पाठ केलंस ना तू?"

"नाव पाठ केलंय."

हरेशनं कपाळावर हात मारला आणि टेम्पो वळवला.

हॉलमधे दिनानाथ सर पिशवी भरत होते. घामाघूम माणूस तरातरा येताना पाहून ते दोन पावलं मागं सरले. "हे बघा, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो."

"निर्णय ठेवा तुमाला. पुस्तक द्या. वाचून आनून देतो."

टेम्पो हॉलबाहेर अर्धा कडेला, अर्धा रस्त्यावर उभा होता. डॅशबोर्डवर नाक्यावरच्या पोरांचा फोन वाजून वाजून थांबला. मनस्वीनं सरांच्या पुस्तकात तो उतारा शोधला आणि त्याच्या पुढून मोठ्यानं वाचायला लागली. हरेशनं इंजिन बंद केलं.

मागच्या डंपरनं कचकचून हॉर्न मारला. सवयीनं मनस्वी थांबली.

हरेशनं खिडकीतून हात बाहेर काढून डंपरला बाजूनं जायची खूण केली.

"तू कशाला थांबलीस?" तो पोरीवर खेकसला. "वाच."